सांधेदुखी निवारण वर्ग, वय वर्षे सात ते बारा

नाच शिकवायला फार काही लागत नाही. शिकवणारा लागतो, शिकणारे लागतात, आणि पाय आपटले तरी खालच्या मजल्यावरून कुणी झाडूच्या दांड्यानं छत ठोकणार नाही अशी जमीन लागते. पहिल्या दोन गोष्टी ताईंकडे होत्या. तिसरीच्या शोधात त्यांची दोन वर्षं गेली.

आधी वर्ग एका विद्यार्थिनीच्या घरच्या बैठकीच्या खोलीत भरायचा. तिथं काचेच्या कपाटातले कप मुलांपेक्षा चांगल्या तालात वाजायचे, आणि कपांची मालकीण दारात उभी राहून मुलांकडे नव्हे, कपांकडे बघायची. मग वर्ग एका गच्चीवर गेला. गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या होत्या, त्यामुळे पुढच्या रांगेतली मुलं चौथ्या ठोक्याला मान खाली घालायला शिकली. पुढे सपाट मोकळ्या जमिनीवरही ती चौथ्या ठोक्याला मान खाली घालत राहिली. ताईंना ती सवय मोडायला तीन महिने लागले.

म्हणून एका मोठ्या वसाहतीचं सभागृह रिकामं आहे असं कळलं, तेव्हा ताई स्वच्छ इस्त्रीचे कपडे घालून तिथल्या सेक्रेटरींना भेटायला गेल्या. सभागृह तळमजल्यावर होतं, लांबलचक होतं, जमीन लाकडी होती आणि वर्षातल्या दोन सभा सोडल्या तर तिथं धूळ सोडून कुणी राहत नव्हतं. दारावर एक ओळ रंगवलेली होती: ‘सभागृहात नाचगाणे, जुगार व पाळीव प्राणी यांस सक्त मनाई आहे.’

“नाच?” सेक्रेटरी म्हणाले. ते निवृत्त गृहस्थ होते, आणि निवृत्तीनंतर माणसाला ज्या गोष्टींचा आधार लागतो त्यात त्यांनी नियम निवडले होते. “मॅडम, तुम्ही तर चांगल्या घरातल्या दिसता.”

“शिकायला येणारी मुलंही चांगल्याच घरातली आहेत.”

“असतील. पण हे तिन्ही नियम एका ओळीत आहेत. आज नाच सोडला की उद्या जुगार येईल आणि परवा कुत्री. शिवाय आमच्याकडे बायका-मुली आहेत.”

“त्याच शिकायला येतील,” ताई म्हणाल्या.

“तेच म्हणतोय मी,” सेक्रेटरी म्हणाले. मग ताईंचं तोंड उतरलेलं पाहून त्यांना थोडं वाईट वाटलं असावं. “आरोग्यविषयक काही असेल तर सांगा. आरोग्याला आम्ही उत्तेजन देतो.”

पुढच्या आठवड्यात ताईंनी अर्ज दिला. उपक्रमाचं नाव: सांधेदुखी निवारण वर्ग. खाली वयोगटाची जागा होती, तिथं त्यांनी सवयीनं लिहून टाकलं, ‘सात ते बारा’. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. माणूस खोटं सुरू करतो आणि मध्येच विसरून खरं बोलतो.

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. “इतक्या लहान वयात सांधेदुखी?”

“हल्लीची दप्तरं,” ताई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी दप्तरांच्या विचारानं एक सुस्कारा सोडला आणि सही केली. आठ महिन्यांची तात्पुरती परवानगी मिळाली. काम समाधानकारक वाटलं, तर पुढे तीन वर्षांची पक्की परवानगी मिळणार होती. तीन वर्षं म्हणजे भिंतीला आरसे लावता येतील, मुलांच्या पहिली-दुसरी अशा तुकड्या करता येतील, म्हणजेच जिला आपण नृत्यशाळा म्हणतो ती उभी राहील. ताईंना आयुष्यात दुसरं काही नको होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांनी जे केलं ते वाईटपणानं केलं नाही.

वर्ग सुरू झाला. चौदा मुलं आली. सेक्रेटरींना दर दोन-चार दिवसांनी चक्कर मारायची हौस होती, म्हणून खिडकीजवळच्या मुलीला पहाऱ्याचं काम दिलं होतं. ते दिसले की ती हळूच ‘सांधे’ म्हणायची. लगेच ताई वाजतं गाणं बंद करून मंद बासरी लावायच्या आणि चौदा मुलं जागच्या जागी वाकून, गुडघे धरून कण्हायला लागायची.

कुठलीही गोष्ट सरावाशिवाय येत नाही, म्हणून ताई रोज सुरुवातीची दहा मिनिटं कण्हण्याला द्यायच्या. सुरुवातीला मुलं हसायची. एकानं दाताला हात लावला, त्याला दात हा सांधा नव्हे हे समजावून सांगावं लागलं. पण महिनाभरात ती तयार झाली. सेक्रेटरी दारात उभे राहून ते ऐकायचे आणि त्यांचे डोळे ओले व्हायचे. “केवढी सहन करतात बिचारी,” ते म्हणायचे, “आणि वर्गाला एक दिवस दांडी नाही.”

सगळ्यांत छान कण्हायची भिंगरी. हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती उभी राहिली की फिरायची, म्हणून हे नाव पडलं होतं. वय वर्षं नऊ. नाचातही तीच पुढे. आणि ती सेक्रेटरींची नात होती.

म्हणजे झालं असं, की सेक्रेटरींच्या सूनबाईंनी मुलीला नाच शिकवायचं मनात घेतलं होतं आणि सासऱ्यांना सांगितलं होतं की मुलगी पोक काढून चालते, तिला सांधेदुखीच्या वर्गाला घालू या. सेक्रेटरींनी आनंदानं होकार दिला. वर्गात ते आले, की नातीजवळ वाकून विचारायचे, “दुखतंय का बाळा?” भिंगरी डोळे मिटून म्हणायची, “हो, आजोबा.” ते तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि निघून जायचे. मग गाणं पुन्हा लागायचं.

सभागृहाबाहेर लावलेल्या ‘सांधेदुखी निवारण वर्ग’ या पाटीमुळे एक अडचण मात्र झाली. पाटी वाचून एक खराखुरा सांधेदुखीचा माणूस आला.

हे गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानांतली वजनं तपासली होती आणि वसाहतीत त्यांना वजनकाका म्हणायचे. दोन्ही गुडघे गेलेले. त्यांना ‘तुमचं वय बसत नाही’ असं कसं सांगणार? ताईंनी त्यांना खुर्ची दिली. मुलं नाचायची तेव्हा वजनकाका खुर्चीत बसून हात वर-खाली करायचे आणि टाचा उचलायचे. पहिल्याच दिवशी त्यांना सगळं कळलं होतं. ते काही बोलले नाहीत. दोन महिन्यांनी त्यांचे गुडघे थोडे बरे झाले, तेव्हा अडचण आणखी वाढली, कारण ते चार लोकांना सांगत सुटले.

एक दिवस मुलं गेल्यावर ते खुर्चीतच बसून राहिले.

“ताई, एक विचारू?”

“विचारा ना, काका.”

“तुम्ही या मुलांना काय शिकवता?”

ताईंनी दाराकडे पाहिलं. “तुम्हाला माहीत आहे, काका.”

“मला नाच दिसतो. पण पहिली दहा मिनिटं तुम्ही दुसरंच काहीतरी शिकवता आणि ते त्यांना जास्त चांगलं यायला लागलंय.”

“मग काय करू?” ताईंचा आवाज चढला. “खरं सांगितलं तर जागा जाईल. जागा गेली की नाच गेला. मग खरं सांगायला उरलं काय?”

वजनकाकांनी गुडघ्यावर हात ठेवले. “मी एवढी दुकानं पाहिली. ज्याचं वजन खोटं तो दुकानदार चोरच असतो असं नाही. पुष्कळदा ते वापरून झिजतं. त्याला ते कळतं, पण गिऱ्हाईक काही बोलत नाही, म्हणून तो चालवून घेतो. आणि मग गंमत अशी होते, की घरच्यासाठी डाळ मोजतानाही तो तेच वजन वापरतो. त्याची स्वतःची पोरं कमी जेवतात. खोट्या वजनाला गिऱ्हाईक कोण आणि घरचं कोण ते कळत नाही.”

“तुम्ही तक्रार करणार आहात का?”

“छे. माझे गुडघे बरे आहेत. नुसतं कानावर घालून ठेवतो.”

ताई त्या दिवशी वैतागूनच घरी गेल्या. उपदेश करणाऱ्याला स्वतःची खुर्ची असते, असं काहीतरी त्या पुटपुटल्याही. दुसऱ्या दिवशी कण्हण्याचा सराव नेहमीसारखा झाला.

आठवा महिना संपत आला. पक्क्या परवानगीसाठी सेक्रेटरी वही घेऊन पाहणीला येणार होते. वार ठरला होता, वेळ ठरली नव्हती.

त्या संध्याकाळी भिंगरीला तिसरी गिरकी जमायला लागली होती. एक गिरकी कुणालाही येते, दुसरी जोरावर निघते, पण तिसरीसाठी अंगाचा तोल अंगातच कुठेतरी सापडावा लागतो. तो तिला सापडला होता. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरीत ती शिरली, आणि खिडकीजवळून आवाज आला, “सांधे.”

आठ महिन्यांच्या सवयीनं भिंगरीनं जागच्या जागी पाय रोवला. पाय थांबला. अंग थांबलं नाही.

ती गुडघा धरून खाली बसली आणि म्हणाली, “आई गं.”

मंद बासरी लागली. तेरा मुलं वाकली आणि कण्हायला लागली. सेक्रेटरी वही घेऊन आत आले. भिंगरीचं कण्हणं सगळ्यांच्या वर ऐकू येत होतं. ताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या मनात आलं, की आज पोरीनं कमाल केली. त्यांनी मान हलवून ओठांनीच तिला म्हटलं, ‘छान.’

सेक्रेटरी नातीजवळ वाकले. “दुखतंय का बाळा?”

“हो, आजोबा.”

“कुठं?”

“गुडघ्यात. खूप दुखतंय.”

“असू दे. व्यायामानं बरं होईल. ऊठ बरं, दाखव मला काय शिकलीस.”

भिंगरीनं ताईंकडे पाहिलं. ताईंनी पुन्हा मान हलवली. मग भिंगरी उठली आणि तिनं आजोबांना पाच बैठका काढून दाखवल्या. सेक्रेटरींनी वहीत लिहिलं, ‘अत्यंत समाधानकारक’, आणि ते गेले.

गाणं पुन्हा लागलं. भिंगरी उठली नाही. दोन मुलींना वाटलं ती गंमत करतेय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“ताई,” खुर्चीतून वजनकाका म्हणाले, “ती खरंच रडतेय.”

ताई धावल्या. गुडघा किंचित सुजला होता. त्यांनी ओला रुमाल बांधला, पाणी पाजलं. भिंगरीनं नाक पुसलं आणि पहिलं काय विचारलं असेल, तर हे: “आजोबांनी सही केली का?”

दुसऱ्या दिवशी वसाहतीत बातमी होती, की सेक्रेटरींची नात जिन्यावरून पडली. असं तिनंच घरी सांगितलं होतं. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गुडघा दाबून पाहिला, जिन्याची किती उंची ते विचारलं आणि सांगितलं, मुका मार आहे, दोन दिवस आराम आणि मग चालतं करा.

हे ऐकून ताईंचा जीव भांड्यात पडला. आणि या सगळ्या गोष्टीत सगळ्यांत वाईट जागा कुठली असेल, तर ती हीच. भिंगरी जिन्यावरून पडली नाही हे ताईंना पक्कं माहीत होतं. तरी त्यांना हायसं वाटलं. आपल्यापैकी किती जणांना वाटलं नसतं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

पाच दिवस गेले. परवानगीचं पत्र आलं. तीन वर्षं. ताईंनी भिंतीची मापं घेतली आणि आरशांचं सांगून आल्या. वर्गात तेरा मुलं नाचत होती. मधली जागा कुणी घेत नव्हतं.

सहाव्या दिवशी वजनकाका टाचा उचलता उचलता थांबले. “तुम्ही तिला बघायला गेलात का?”

“जिन्यावरून पडली म्हणतात,” ताई म्हणाल्या.

“कोण म्हणतात?”

ताईंनी आरशांच्या मापांच्या कागदाची घडी घातली.

“दारू पिऊन काटा मारणारे मी पाहिले,” वजनकाका म्हणाले, “शपथा घेणारे पाहिले. पण दुसऱ्याच्या दुकानासाठी नऊ वर्षांच्या मुलीनं स्वतःचा गुडघा तराजूत टाकावा, हे मी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. मला वाटतं तुम्हीही एकदा जाऊन पाहा.”

ताई गेल्या.

दार सूनबाईंनी उघडलं. सेक्रेटरी आतल्या खोलीत होते आणि भिंगरीला हाताला धरून भिंतीपासून भिंतीपर्यंत चालवत होते. तिचा गुडघा नारळाएवढा दिसत होता. प्रत्येक पावलाला ती कण्हत होती.

“या मॅडम,” सेक्रेटरी म्हणाले. “बघा, डॉक्टरांनी चालवा म्हटलंय, पण ही नुसती कुरकुर करते. अर्थात हिचं गुडघ्याचं जुनंच आहे. तुमच्याकडेसुद्धा सारखी कण्हत असते ना. मी फारसं मनावर घेत नाही.”

ताई दारातच उभ्या राहिल्या. सगळे म्हणतात की अशा वेळी पायाखालची जमीन सरकते. ताईंच्या पायाखालची जमीन जागेवरच होती आणि तीच तर पंचाईत होती. पळायला कारण नव्हतं.

सेक्रेटरी पाणी आणायला वळले. भिंगरीनं ताईंना खुणेनं जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, “मी कुणालाच सांगितलं नाही, ताई. आईलापण नाही. टुक असा आवाज आला होता ना, तेपण नाही सांगितलं.”

ती कौतुकाची वाट बघत होती.

ताई सरळ झाल्या. “सेक्रेटरीसाहेब, ही जिन्यावरून पडलेली नाही.”

“मग?”

“गिरकी घेताना पाय अडकला. तिसऱ्या गिरकीला.”

“कसली गिरकी?”

“नाचातली. तो वर्ग नाचाचा आहे. पहिल्या दिवसापासून नाचाचाच होता. तुम्ही आलात की मी मुलांना कण्हायला सांगायचे. त्या दिवशी तुम्ही आलात म्हणून ती मध्येच थांबली. तेव्हा तिला खरंच लागलं आणि मी तिला छान म्हटलं.”

सूनबाईंनी पदर तोंडाला लावला. सेक्रेटरींच्या हातात पाण्याचा पेला होता, तो त्यांनी खाली ठेवला. मग ते म्हणाले, “आणि ती दप्तरं?”

“दप्तरं जडच आहेत,” ताई म्हणाल्या. “तेवढं खरं होतं.”

सेक्रेटरी नातीसमोर खाली बसले. वय झालेल्या माणसाला जमिनीवर बसायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्यांनी बहुधा आठ महिने पुन्हा पाहून घेतले. “म्हणजे हे खरं दुखतंय?”

“हो, आजोबा.”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं,” भिंगरी म्हणाली. “तुम्ही म्हणालात, व्यायामानं बरं होईल.”

तासाभरात ते सगळे डॉक्टरांकडे होते. या वेळी ताईंनी उभं राहून दाखवलं, पाय कसा रोवला गेला, अंग कुठल्या बाजूला वळलं, आवाज कधी आला. डॉक्टर चिडले. “जिन्यावर आपटणं वेगळं आणि पाय रोवलेला असताना अंग फिरणं वेगळं. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी हिला एक पाऊल चालू दिलं नसतं.” तपासणीत दिसलं, की गुडघ्याच्या आतला बंध फाटलाय आणि चालवल्यामुळे आणखी फाटलाय. पट्टा, कुबड्या, मग कितीतरी महिने व्यायाम. या वेळचा व्यायाम खरा होता.

“पुन्हा नाचेल?” हे सेक्रेटरींनी विचारलं. नातीसाठी हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला असावा.

“आत्ता सांगता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

त्या आठवड्यात समितीची सभा झाली. सभागृहातच झाली. ताईंनी परवानगीचं पत्र टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, काहीही न वगळता, कण्हण्याच्या सरावासकट. मग वजनकाका उठले. उठायला त्यांना वेळ लागला नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

“ताईंनी अर्जात खोटं लिहिलं,” ते म्हणाले. “ते चूकच. पण मला एक सांगा, खरं लिहिलं असतं तर आपण काय केलं असतं? अर्ज फेकला असता. म्हणजे आत यायचं तर खोटं बोला, ही अट दारावर आपणच रंगवली होती. आता हात वर करा. हा वर्ग नाचाचा आहे हे कुणाकुणाला माहीत होतं?”

आधी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सूनबाईंनी हात वर केला. मग पालकांनी केला. मग खजिनदारांनी, मग उपाध्यक्षांनी, मग रखवालदारानं. अध्यक्षांनी हात वर केला नाही, पण कान खाजवायला म्हणून अर्धा नेला. मोजले तर सेक्रेटरी सोडून सगळे निघाले. सगळी वसाहत एका माणसापासून लपवत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, की आपल्यापुरतं ठीक आहे.

“बघा,” वजनकाका म्हणाले. “नाच वाईट आहे असं इथं कुणालाच वाटत नाही. पण वाटत नाही, असं म्हणायलाही कुणी तयार नाही. मग ते ओझं एका नऊ वर्षांच्या मुलीनं उचललं. तिचा गुडघा ताईंनी एकटीनं मोडलेला नाही. आपण सगळ्यांनी थोडा थोडा मोडलाय.”

ऐकून काही जणांनी माना खाली घातल्या. मग मतदान झालं आणि चार विरुद्ध तीन मतांनी परवानगी रद्द झाली. माणसाचं मन वळलं तरी हात वळायला वेळ लागतो. रद्द केल्याचं पत्र सेक्रेटरींनाच लिहावं लागलं. कारणाच्या जागी त्यांनी ‘खोटी माहिती’ असं लिहिलं आणि पुढे लिहिलं, ‘जी देण्यास आम्ही भाग पाडले.’ अध्यक्षांनी ही ओळ खोडली. सेक्रेटरींनी ती पुन्हा लिहिली. तीन वेळा असं झालं. मग अध्यक्ष कंटाळले.

ताईंची शाळा आता टायर दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत भरते. वर जायला लोखंडी जिना आहे, खोलीला रबराचा वास आहे आणि जमीन एका कोपऱ्यात उतरती आहे. ही जागा मागायला ताई गेल्या तेव्हा टायरवाल्यानं हातातलं काम न सोडता विचारलं होतं, “काय शिकवणार?”

“नाच.”

“किती वाजता?”

“संध्याकाळी पाच.”

“बरं,” तो म्हणाला आणि हवा भरायला लागला. ताई पुढच्या प्रश्नासाठी जिन्याखाली बराच वेळ उभ्या राहिल्या. पुढचा प्रश्न आला नाही.

पण गोड गोड सांगायला ही काही जाहिरात नव्हे. लपून होता तेव्हा वर्गात चौदा मुलं होती, उघड झाल्यावर, घरी बसलेली भिंगरी धरून, आठ राहिली. सहा घरांनी सांगितलं, की आमचं नाचाला काही म्हणणं नाही, पण लोकांना कळलं ना आता.

नव्या जागेत ताईंनी एकच नियम केला. कुणीही ‘दुखतंय’ म्हटलं की गाणं बंद. मग ते कुणीही म्हणो, कितव्यांदाही म्हणो. मुलं ती मुलंच. पहिल्या आठवड्यात त्यांनी एकोणीस वेळा गंमत म्हणून गाणं बंद करायला लावलं. ताईंनी एकोणीस वेळा बंद केलं, प्रत्येक वेळी खाली बसल्या, पाय हातात घेऊन नीट पाहिला आणि विचारलं, “कुठं?” विसाव्या वेळी एका मुलीच्या टाचेत खरंच खिळा निघाला. त्यानंतर गंमत कुणी केली नाही.

पाच महिन्यांनी एका संध्याकाळी लोखंडी जिन्यावर दोघांची पावलं वाजली. सेक्रेटरी आले होते आणि त्यांच्या पुढे गुडघ्याला पट्टा बांधलेली भिंगरी. सेक्रेटरींना सभागृहाच्या दारावरची ओळ अजून पुसून घेता आली नव्हती. तीन सभांत त्यांनी ठराव मांडला होता आणि तीन वेळा ते हरले होते. नियम मोडायला निघालेला माणूस नियमानंच कसा दमतो, हे त्यांना या वयात कळत होतं.

“डॉक्टर म्हणाले, थोडंथोडं करू दे,” ते ताईंना म्हणाले. “मी बसू का?”

वजनकाकांनी खुर्ची सरकवून त्यांना जागा दिली.

भिंगरी मधोमध उभी राहिली. गिरकी नव्हे, नुसतं एक वळण, तेही अर्धं. ती सावकाश फिरली आणि दाराकडे तोंड करून थांबली. तिचे डोळे मिटलेले होते आणि ओठ दाबलेले होते. सेक्रेटरी खुर्चीच्या कडेवर आले.

“दुखतंय का बाळा?”

“नाही, आजोबा.”

सेक्रेटरींनी ताईंकडे पाहिलं, ताईंनी भिंगरीकडे. आठ महिने या मुलीचं ‘हो’ खोटं होतं आणि ज्या दिवशी ते खरं झालं त्या दिवशी ते कुणी ऐकलं नाही. आता तिचं ‘नाही’ खरं आहे की नाही हे कळायला जगात कुठलंही मोजमाप नव्हतं. तिच्यावर विश्वास ठेवण्याखेरीज दोघांनाही काही करता येण्यासारखं नव्हतं.

“बरं,” सेक्रेटरी म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

भिंगरी उरलेलं अर्धं वळण फिरली.

मंडळी, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात एखादी अशी चांगली गोष्ट असते जी आपण दुसऱ्याच नावानं चालवतो. कुणाचं गाणं असतं, कुणाचा नाच असतो, कुणाचं आणखी काही. लोक काय म्हणतील म्हणून आपण तिला एक शहाणं नाव देतो आणि मुलांना सांगतो, बाहेर बोलू नका. चांगली गोष्ट लपवून शिकवली, तर मुलं ती चांगली गोष्ट शिकत नाहीत, लपवणं शिकतात. आणि ज्या मुलाला आपणच खोटं कण्हायला शिकवलं, त्याचं खरं दुखणं पहिल्यांदा ऐकू येत नाही ते आपल्यालाच.